उन्हाळ्याची इवली कोंबडी

किल्ल्याच्या दारात इथेलने काठी टेकली आणि मान मागे टाकून मनोऱ्याच्या टोकापर्यंत पाहिलं. मग निकाल देऊन टाकला. त्याचे गुडघे असल्या पायऱ्यांसाठी नव्हते, आणि असते तरी त्या कोंबडीचं तोंड बघायला तो चढला नसता.

"तू जाऊन ये, टेग," तो बहिणीला म्हणाला. "बघ, सही कर, खाली ये. मी चहाच्या खोलीत बसतो. तिथला बारा ब्रिथ, तो मनुक्यांचा गोड पाव, संपला तर दोष तुझा."

टेगवेनने पर्स छातीशी धरली. आत समितीचा कागद होता. किल्ला चाळीस वर्षांनी डागडुजी होऊन उघडला होता. वरच्या मनोऱ्यातल्या मुलांच्या खोलीत एका चित्राचा खालचा भाग पोपडे होऊन गळून गेला होता, आणि तो आता नव्याने रंगवायचा होता. तर मग जुनी चूक तशीच ठेवायची, की या निमित्ताने सुधारून टाकायची? चूक ज्यांच्या आजीची म्हणतात त्या दोन नातवंडांना समितीने अदबीने विचारलं होतं. इथेलने दारातल्या दगडी खांबावर कागद ठेवून 'सुधारावी' या शब्दापुढे सही ठोकली होती, एवढ्या जोरात की कागदाला भोक पडलं. टेगवेननेही तिथेच सही करायचं वचन त्याला दिलं होतं, पण तिची जागा अजून रिकामी होती. कागद आजच द्यायचा होता.

त्या खोऱ्यात निम्मं गाव जोन्स. त्यामुळे नुसत्या आडनावाने कुणाचंच भागत नाही. दूधवाला जोन्स वेगळा, शवपेट्या करणारा पेटी-जोन्स वेगळा, आणि ज्याची बायको पळून जाऊन परत आली तो परतवाला जोन्स. टेगवेनचं घराणं कोंबडी-जोन्स. आजी, वडील, मग ही दोघं. लग्न होऊन टेगवेन पार्री झाली, चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली ढवळली, तरी पोरं मागून म्हणायची, कोंबडीबाईंनी आज काय रांधलंय?

सगळं एका शब्दापायी झालं होतं. त्यांच्या बोलीत फुलपाखराला 'उन्हाळ्याची इवली कोंबडी' म्हणतात. म्हणताना कुणाला कोंबडी आठवत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी जहागीरदाराने किल्ला सजवायला घेतला, तेव्हा लंडनहून एक चित्रकार आला. मुलांच्या खोलीत प्राणी काढायचे आणि खाली त्यांची इथल्या बोलीतली नावं लिहायची, असा हुकूम होता. बोली त्याला येत नव्हती. त्याने खोलीतल्या मोलकरणीला विचारलं. ती सतरा वर्षांची मोरविथ, म्हणजे टेगवेनची आजी. गाव सांगतं ते असं, की त्या भोळीने शब्द एकेक करून सांगितले, उन्हाळा, इवली, कोंबडी, आणि तो गेला आणि फुलावर कोंबडी काढून मोकळा झाला. जेवायला आलेले पाहुणे हसून हसून खुर्चीवरून घसरले. ही गोष्ट ताटांबरोबर खाली स्वयंपाकघरात आली, तिथून गावात आली, आणि परत वर कधी गेलीच नाही. गावातल्या कुणी ते चित्र पाहिलं नव्हतं. मुलांच्या खोलीत गावाला कोण जाऊ देणार?

टेगवेन पहिल्या दालनात शिरली आणि थबकली.

छत निळं होतं, आणि त्यावर सोन्याच्या चांदण्या. मोजायला बसलं तर म्हातारपण सरेल एवढ्या. कमानीच्या प्रत्येक टोकाला लाकडाचं माकड, प्रत्येक माकडाच्या हातात वेगळं फळ. चूलखंडावर संगमरवराच्या चार बायका, चार ऋतूंच्या, आणि हिवाळ्याच्या बाईच्या पायाशी एवढीशी मांजर. रंगीत काचांतून ऊन येऊन गालिच्यावर सांडलं होतं, लाल, हिरवं, मधाच्या रंगाचं. पुढच्या दालनात भिंतीभर पोपट. त्यापुढे आंघोळीचा दगडी टब, आणि त्याच्या तळाशी चांदीचे मासे जडवलेले. पाणी सोडलं की पोहतायत असं वाटावं. हे सगळं ज्याने करवून घेतलं तो जहागीरदार वर्षातून सहा आठवडे इथे राहायचा.

बाकीचे पाहुणे तोंड वर करून फिरत होते. टेगवेनची नजर मात्र खाचाखोचांकडे जात होती. माकडाच्या कानात धूळ. पोपटाच्या चोचीमागे धूळ. एवढ्या नक्षीची धूळ कुणीतरी रोज पुसली असेल, शिडीवर चढून, तोंडाला फडकं बांधून. आणि कोळशाच्या बादल्या? मनोऱ्याला त्र्याण्णव पायऱ्या होत्या. टेगवेन अठ्ठाविसाव्या पायरीवर थांबली, पन्नासाव्या पायरीवर थांबली. आजी भरल्या बादल्या घेऊन चढत होती, दिवसातून सहा वेळा.

चढता चढता तिला ते नको असलेलं आठवलं.

आजी कडक होती. चॅपलची, काळ्या टोपीची, मोजून बोलणारी. पण उन्हाळ्यात अंगणात फुलपाखरू आलं की ती हातातलं काम टाकायची, बोटं दाणे टाकल्यासारखी हलवायची आणि हळूच हाक मारायची, टिक्, टिक्, टिक्. कोंबड्यांना मारतात तशी. कुंपणापलीकडून पोरांनी ते पाहिलं, आणि गाणंच झालं त्याचं:

कोंबडीची नात गं, कोंबडीची नात,
फुलपाखराला दाणे टाकी अंगणात.

इथेलने त्या गाण्यापायी एक दात गमावला आणि दुसऱ्याचे दोन पाडले. टेगवेनला मारामारी जमत नव्हती. नऊ वर्षांची होती ती. ती आजीलाच म्हणाली, "नको ना असं करूस. लोक हसतात तुला."

"हसू देत की," आजी म्हणाली होती. "मीही हसतेच आहे."

पण त्यानंतर टेगवेनसमोर तिने ती हाक पुन्हा कधी मारली नाही. फुलपाखरं येत राहिली. आजी त्यांच्याकडे बघायची आणि मग शेंगा सोलत राहायची.

म्हणूनच टेगवेनला ती कोंबडी पुसायची होती. इथेलला अब्रूसाठी पुसायची होती. तिला वाटत होतं, चूक गेली की आजीला त्यावर गप्प बसायला लावणारी ती नऊ वर्षांची मुलगीही जाईल.

मुलांच्या खोलीत डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई स्टुलावर बसून भिंत पुसत होती. तोंडात कापसाची काडी घालायची, भिंतीवर फिरवायची, काळी झाली की टाकायची, नवी घ्यायची. ती समितीची कारागीर, आयव्ही हॅलम. इंग्लंडातून आली होती आणि बोली शिकत होती.

"आपल्या थुंकीने?" टेगवेनने विचारलं.

"दुसरं काही एवढा चांगली नाही," आयव्ही म्हणाली. बोलीतलं स्त्रीलिंग-पुल्लिंग तिच्या तोंडात आंधळी कोशिंबीर खेळत होतं. टेगवेनला हसू आलं. तिनेही चॅपलच्या दारात मुलांची तोंडं अशीच पुसली होती, रुमालाचं टोक ओलं करून.

तिने आपण कोण ते सांगितलं. आयव्ही लगबगीने उठली, हात पुसले, आणि बाजूला झाली.

भिंतभर गवत होतं, आणि गवतात प्राणी. ससा, बेडूक, साळिंदर. मग लाल बुटकी गाय, म्हणजे त्यांच्या बोलीतला तो ठिपक्यांचा इवला किडा. इथे ती खरीच गाय होती, लाल, आखूड पायांची, पण पाठीवर सात काळे ठिपके, नीट मोजून. टेगवेनने ते दोनदा मोजले. मग ती पुढे सरकली.

कोंबडी पिवळ्या फुलावर होती. पाय आणि शेपूट गळून गेलेलं. पण डोकं होतं, तुरा होता, डोळ्यांत हसू होतं. आणि पंख कोंबडीचे नव्हते. विटकरी रंग, त्यावर काळे डाग, आणि कडेला निळ्या मण्यांची बारीक झालर. आजीच्या कुंपणावर जी फुलपाखरं यायची, त्यांचेच पंख. एवढी गरगरीत कोंबडी बसली होती, पण फुलाचा देठ जराही वाकला नव्हता.

"मागच्या आठवड्यापर्यंत काजळी होती," आयव्ही म्हणाली. "पंख कुणाला दिसलीच नव्हते."

टेगवेन पंखांजवळ वाकली. ज्याला शब्द कळला नाही, त्याने हे पंख का काढावेत? तिने विचारलं तसं आयव्हीने खिडकीची लाकडी झडप उघडली. झडपेमागे, जिथे रंग पोचलाच नव्हता, तिथे शिसपेन्सिलीने तोच शब्द पाच वेळा लिहिला होता. चारदा चुकीचा, पाचव्यांदा बरोबर. शिकणाऱ्याचं अक्षर. त्याखाली एक पुसट कोंबडी काढलेली. आणि तिच्या शेजारी दुसरं अक्षर होतं, टोकं लांब ओढलेलं, चॅपलच्या रविवारच्या शाळेतलं. घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर याच अक्षरात चार मुलांचे जन्म लिहिले होते.

"मला हे पुरतं समजत नाही," आयव्ही म्हणाली. "कोशात नाही सापडला."

कोशात कुठून असणार? ते खालच्या गल्लीतलं बोलणं होतं. टेगवेनने चष्मा पुसला आणि वाचलं.

"कोंबडी नव्हे रे, वेड्या."

खिडकीतून वारा आला. खाली अंगणात कुणीतरी पाहुण्यांना रांगेत उभं करत होतं. टेगवेनला त्या 'वेड्या'पाशी उभंच राहावंसं वाटलं. साठ वर्षांच्या संसारात आजीने आजोबांना 'जोन्स' म्हणूनच हाक मारली होती.

तिने सांगितलं होतं तर. नीट, समजावून. त्याला कळलं होतं, आणि कळूनच त्याने कोंबडी काढली होती, तिला हसवायला. आणि पुढे सगळं गाव हसलं तेव्हा, मी वेडी नव्हते हे सांगायला तिला दुसरं काही सांगावं लागलं असतं. ते तिने ठेवून घेतलं. गावाला कोंबडी दिली आणि हे आपल्याजवळ ठेवलं. वर्षातून दोन-चार वेळा, उन्हं चांगली पडली की, टिक्, टिक्, टिक्.

टेगवेनने कागद काढला. 'आहे तशी ठेवावी' यापुढे सही केली, सावकाश, टोकं लांब ओढत. पण कागद आयव्हीला दिला नाही. यावर एक भोक पडलेली सही आहे, म्हणाली, तिचं आधी बघते.

खाली इथेलने बारा ब्रिथचे तीन तुकडे संपवले होते आणि चौथा तिच्यासाठी रुमालाखाली लपवला होता. काउंटरमागची मिसेस मॅडॉक्स कप विसळता विसळता म्हणाली, "काय मग, झालं का कोंबडीचं फुलपाखरू?"

टेगवेन इथेलसमोर बसली आणि कागद मधे ठेवला. त्याने तिची सही पाहिली. त्याची मान लाल व्हायला लागली.

"दारात वचन दिलं होतंस," तो म्हणाला.

"आजीला येत होता रे शब्द, इथेल."

"कुणी सांगितलं?"

"तिनेच. लिहून ठेवलंय."

"काय लिहिलंय?"

सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण मग खोलीत कप विसळणं थांबलंय हे तिला जाणवलं. मिसेस मॅडॉक्स मान तिरकी करून उभी होती.

"ते इथे नाही सांगण्यासारखं," टेगवेन म्हणाली. "खिडकीच्या मागे आहे. ज्याला हवं त्याने जाऊन वाचावं."

इथेलने कप बाजूला सारला. तुटलेल्या दाताच्या जागी जीभ फिरवायची त्याची जुनी सवय, तशी ती फिरत होती. मग त्याने काठी ओढली, टेबलावर हात रोवला आणि एक गुडघा, मग दुसरा, असा उभा राहिला.

"पायऱ्या किती आहेत?"

"त्र्याण्णव. पण मधे दोनदा बसायला जागा आहे."

"पुढे हो," तो म्हणाला. "आणि भरभर चालू नकोस, कोंबडे."