पेवातला दिवा

पौषात हुरडा सुरू झाला की हिंगोलीहून कळमनुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘मागलं गाव’चे फलक दिसू लागत. फलकावर पगोटं घातलेल्या, मिशांना पीळ दिलेल्या एका म्हाताऱ्याचा हसरा फोटो होता. तो म्हातारा म्हणजे पुनमचे वडील. मिशा चिकटवलेल्या होत्या.

‘मागलं गाव’ हे काही खरं गाव नव्हतं. एका हौशी माणसानं आपल्या माळरानावर निजामाच्या काळातलं खेडं उभं केलं होतं. शेणानं सारवलेली घरं, चावडी, तेलाचा घाणा, कल्हईवाल्याची पडवी, सगळं जिथल्या तिथे. तिकीट काढून आलेल्या माणसानं अर्धा दिवस त्या काळात राहून जावं, असा बेत. ऋतू बदलला की कार्यक्रम बदले. मृगात तिफणीवर पेरणी, दिवाळीनंतर खळं, आणि पौषात हुरड्यासोबत पेव, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, उघडणं. तिथे काम करणाऱ्यांना नेम एकच, पण सक्त: पगोटं डोक्यावर चढलं की आजच्या काळात परत यायचं नाही. कोणी काही विचारो.

पुनमच्या वडिलांना, विश्वंभररावांना, म्हणजे तिच्या अण्णांना, हा नेम फार मानवला होता. एसटीत कंडक्टर म्हणून सारा जन्म बोलण्यात गेलेला माणूस, पण बायको गेल्यावर घरात मुका झाला. चहा हवा असला तरी कप पुढे सरकवायचा. मग कोणीतरी त्यांना इथे आणलं, आणि इथे ते किसनबा झाले. किसनबा दिवसभर बोलत, चेष्टा करत, पोवाड्याच्या दोन ओळी म्हणत. संध्याकाळी घरी परतले की त्यातलं थोडंसं बोलणं अंगाला चिकटून येई. पुनमला तेवढंही पुष्कळ वाटे. म्हणून ती सहसा तिकडे जात नसे. किसनबाला मुलगी आहे, हे किसनबाला आठवू नये असं तिला वाटे.

यंदा मात्र अण्णांनीच आग्रह केला. आतापर्यंत पेव नुसतं नावाला होतं. रिकाम्या खड्ड्यात सकाळी दोन पोती ज्वारी ओतायची आणि दुपारी पाहुण्यांसमोर काढायची. मागल्या वर्षी कोणीतरी इंटरनेटवर लिहिलं की सगळं खोटं आहे, पोत्यावर दुकानाचा शिक्का दिसत होता. ते व्यवस्थापक भागवतच्या मनाला लागलं. म्हणून यंदा रब्बीची ज्वारी खरोखर पेवात भरली. बुडाशी निंबाचा पाला, वर कडबा, तोंडावर फरशी आणि फरशीवर शेणमातीचं जाड लिंपण. ते लिंपण आज फुटायचं होतं.

पुनम कळमनुरीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिचा आवाज इतका लहान की मागच्या बाकावरची मुलं हात वर करून ‘मॅडम, ऐकू येत नाही’ म्हणत. चार माणसांत बोलायची वेळ आली की तिचे तळहात गार पडत. ती गर्दीच्या कडेला, चावडीच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

नांदेडची दोन कुटुंबं होती, हिंगोलीचा महिला मंडळाचा गट होता. एका जावयानं विचारलं, काका, इथे वायफाय आहे का? किसनबानं कपाळावर आठ्या घातल्या, थोडा विचार केला आणि म्हणाला, “त्या नावाचं आमच्या गावात कोनी न्हाई. खालच्या आळीत विचारा.” बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पुनमही हसली.

मग कुदळीनं लिंपण फुटलं. दोघांनी पहार घालून फरशी सरकवली. खाली गोल काळं तोंड दिसलं, खांदे आवळून एक माणूस जाईल एवढंच. आत ते रांजणासारखं फुगत गेलं होतं, दोन पुरुष खोल.

वास आला. पुढे उभ्या असलेल्या बाईनं नाकाला रुमाल लावला आणि जुन्या धान्याचा वास असाच असतो असं शेजारणीला सांगितलं. पुनमनं तो वास ओळखला. आंबट, किंचित गोड, डोळ्यांच्या कोपऱ्यांना झोंबणारा. ज्वारी जुनी झाल्याचा तो वास नव्हता, ती आंबल्याचा होता. आश्विनात आठवडाभर पाऊस कोसळला होता, तेव्हा पाणी आत झिरपलं असणार. ओलं धान्य बंद जागेत कुजत राहिलं तर काय तयार होतं, हे ती दरवर्षी फळ्यावर लिहायची. रंग नसलेला, हवेहून जड वायू. तो खड्ड्यात पाण्यासारखा भरून राहतो. दिसत नाही, ओसंडत नाही, वाट पाहतो.

ती दोन पावलं पुढे आली. पण वडील नेमकं तेच सांगत होते, म्हणून थांबली.

“पेव उघडलं की लगोलग उतरायचं न्हाई,” किसनबा हात उंचावून म्हणाला. “जुने लोक म्हनायचे, पेवाला माणूस लागतंय. म्हून आदी दिवा सोडायचा. दिवा जळला तर माणूस उतरल. दिवा इझला तर पेव तसंच उघडं टाकायचं, आन् दुसऱ्या दिशी बघायचं.”

पुनमच्या छातीवरचं ओझं उतरलं. रीत जिवंत होती तर. भागवतनं दोराला बांधलेला कंदील आणला, किसनबानं तो हात जोडून घेतला आणि हळूहळू आत सोडला. सगळे वाकून पाहू लागले, मोबाइल पुढे झाले. कंदील खाली, अजून खाली गेला आणि धान्यावर टेकला. पेवाच्या भिंती पिवळ्या झाल्या. “जळतोय!” कोणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या.

पुनम टाळी वाजवायला हात उचलणार, तोच तिला काहीतरी खटकलं. कंदील जाताना दोरावर हेलकावे खात होता. ज्योत हलत नव्हती. ती आपल्याच तालात मिचकत होती, एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब.

मागल्या वर्षी वाऱ्यानं पणती सारखी विझत होती आणि पाहुणे हसले होते, हे अण्णांनी घरी सांगितलं होतं. त्यावर भागवतनं काय तोड काढली तेही सांगितलं होतं. सेलवरचा कंदील मागवला. हुबेहूब खरा दिसतो. तेव्हा तिलाही ते गमतीचं वाटलं होतं.

किसनबा शिडी आत सोडत होता.

ती गर्दीतून वाट काढत भागवतजवळ गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली की त्यांना उतरू देऊ नका, आत श्वास घेण्याजोगी हवा नाही. भागवत वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा उतरला, पण त्याची नजर मोबाइलच्या ओळीवर गेली. अण्णा दरवर्षी उतरतात, तो पुटपुटला. दरवर्षी पेव रिकामं असतं, ती म्हणाली. आता सगळ्यांपुढे काय सांगू, असं त्यानं विचारलं, आणि ते विचारण्यातच वेळ गेला.

“अण्णा,” तिनं हाक मारली.

वडिलांनी मान वर केली. डोळे तिला ओळखून हसले, पण तोंडातून किसनबा बोलला. “पाव्हणीबाई, मागं सरा. घसरल्या तर तुमच्या गावाला काय तोंड दावू?”

पुन्हा हशा पिकला. त्या हशानं त्यांचा चेहरा असा उजळला की पुनमनं पुढचे शब्द आवरले. सगळ्यांसमोर ‘हा कंदील खोटा आहे’ म्हणावं, तर किसनबा तिथेच संपला असता. उद्यापासून घरात पुन्हा तो सरकवलेला कप. आणि न म्हणावं तर एवढ्यात त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला असता.

समोरच्या पडवीत जमीलचाचा भात्यापाशी बसले होते. कल्हईचं काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, इथेही ते खरीखुरी भांडी कल्हई करत. त्यांच्या खांबाला एक जुना घासलेटचा कंदील टांगलेला होता. पुनमनं तो न विचारता काढला आणि शेगडीतल्या काडीनं पेटवला. काच खाली केली, ओढणी डोक्यावर घेतली आणि पेवाकडे चालत गेली. आपला आवाज इतका मोठा निघू शकतो हे तिला माहीत नव्हतं.

“थांबा, बापा. म्या तुमची थोरली लेक, सासरहून आले. त्यो चावडीवरचा कंदील हाय, परक्याचा. त्याच्यावर भरवसा ठिवू नका. आदी आपल्या घरचा दिवा सोडा.”

लोकांनी आनंदानं वाट करून दिली. किसनबा क्षणभर गोंधळला, मग त्याला असा काही हुरूप आला की विचारू नका. “आली का माय माही!” म्हणून त्यानं कडाकडा बोटं मोडली आणि कंदील घेऊन दुसऱ्या दोराला बांधला.

या कंदिलाची ज्योत दोराबरोबर डुलत होती. हातभर आत गेला. आणखी थोडा. मग ज्योत लांब झाली, काजळी धरली आणि वातीपासून सुटल्यासारखी नाहीशी झाली. वारा नव्हता. काच शाबूत होती. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा त्याच जागी विझला. जणू तिथे पाण्याची पातळी होती.

खाली, त्या पातळीच्या कितीतरी खाली, पहिला कंदील स्वस्थ मिचकत होता.

“आज पेव माणूस मागून राहिलं,” किसनबा खोल आवाजात म्हणाला. “लेकीनं बाप वाचिवला.” मग टाळ्यांचा कडकडाट झाला. एका बाईनं पुनमच्या पाठीवर हात फिरवला. भागवतनं घाम पुसला आणि पाहुण्यांना हुरड्याच्या आगटीकडे घेऊन गेला. जाताजाता तो तिला म्हणाला की फार छान सुचलं मॅडम तुम्हाला, चारच्या बॅचलाही असंच करू.

पुनमचे गाल गरम होते. वडील वाचले होते आणि किसनबाही वाचला होता. आयुष्यात पहिल्यांदाच लोकांनी तिचा आवाज ऐकून टाळ्या वाजवल्या होत्या. ती जमीलचाचांचा कंदील परत द्यायला पडवीत गेली. आगटीकडून हशा येत होता, हुरड्याचा धूर येत होता.

जमीलचाचांनी कंदील पुन्हा खांबाला लावला. “नाटक लई झाक केलंस, बेटा,” ते म्हणाले. “अन् त्यो दिवा बराबर टायमावर इझवलास. काही कळ व्हती का त्याला?”

जमीलचाचांना ते नाटक वाटलं होतं. भागवतलाही शेवटी ते नाटकच वाटलं होतं. तिनं सांगितलं होतं ते नाटकातल्या बाईच्या आवाजात, नाटकातल्या बापाला.

ती वळली. अंगण मोकळं होतं. पेवाच्या तोंडाशी पगोटं काढून ठेवलं होतं, नीट, घडी मोडू नये म्हणून उताणं. शिडीची दोन टोकं वर आली होती. पहिल्या कंदिलाचा दोर सैल पडला होता, त्याची गाठ सुटलेली.

ती धावली. अण्णा शिडीवरच होते, डोकं पेवाच्या तोंडाखाली हातभर. एक कोपर पायरीत अडकलं होतं, मान छातीवर पडली होती. चारच्या खेळासाठी कंदील वर काढायला ते उतरले होते. पुनमनं बाहेर तोंड करून छातीभर श्वास घेतला, तो धरला, पोटावर पालथी पडली आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट पकडलं. ओढणं तिच्यानं होणार नव्हतं. सोडायचं नाही, एवढंच जमणार होतं. कोपर पायरीतून सुटलं आणि सगळं वजन तिच्या खांद्यांवर आलं. छाती फुटायला आली. खाली, अण्णांच्या पायांखाली, तो पिवळा उजेड मिचकत होता, एक लांब, दोन आखूड.

मग तिच्या शेजारून दोन काळे हात आत गेले. जमीलचाचांनी अण्णांच्या बंडीला धरलं आणि ओरडून माणसं बोलावली. भागवत आला, हुरडा खाणारा तो जावई आला. चौघांनी त्यांना बाहेर ओढून मातीवर निजवलं. चेहरा राखेसारखा झाला होता. एक मिशी सुटून गालावर आली होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी खोल श्वास ओढला, खोकले, आणि डोळे उघडले. दवाखान्याची गाडी यायची होती. पाहुणे लांब उभे होते, आता कोणी मोबाइल धरला नव्हता.

पुनम त्यांच्या कानाशी वाकली. आवाज तिचा स्वतःचा होता, लहानसा. “काहून उतरलात, अण्णा? दिवा विझताना तुमी बघितला होता.”

त्यांनी गालावरची सुटलेली मिशी ओढून काढली.

“पर खाली दुसरा जळत व्हता ना,” ते म्हणाले. “म्हून उतरलो.”

“त्यात सेल तुमीच घातलेत ना सकाळी?”

त्यांनी मान वळवून पेवाच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिचा हात शोधला आणि धरून ठेवला, किसनबानं कधी धरला नसता तसा.

भागवतनं माणसं लावून फरशी परत ओढायला लावली. आतलं काही काढायचं नाही, असं पुनमनं दोनदा स्पष्ट सांगितलं, आणि दोन्ही वेळा सगळ्यांना ऐकू गेलं. फरशी घासत आली. शेवटच्या बोटभर फटीतून उजेड दिसत होता, मिचकत होता. सेल नवे होते.