तपासणाऱ्यांची तपासणी

गोवा घटकराज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. डिचोली तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात सुलोचना लॅब टेक्निशियन होती. पणजीला प्रशिक्षण घेऊन ती इथे लागली. त्यानंतर तिचं काम बघायला वरून कुणी आलं नव्हतं. समोरून दिवसभर खनिजाचे ट्रक जात. लाल धूळ ओल्या काचपट्ट्यांवर बसायची, म्हणून ती खिडक्या लावूनच काम करी. त्या कोंडलेल्या खोलीत ती खोकणाऱ्या माणसांची थुंकी काचेवर पसरून रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू शोधायची. शिपाई भिकाजी थुंकीच्या वापरलेल्या डब्या गोळा करून मागच्या खड्ड्यात जाळायचा.

भिकाजी दोडामार्गकडचा. पावसाळा संपल्यापासून तोही खोकत होता.

"धुळीचो खोकलो तो, बाय. हयसर कोणाक नाय?" असं म्हणून तो हसायचा. मग एकदा रजेवर गावी गेला तो परत आला नाही.

त्याच सुमाराला सुलोचनाला संध्याकाळचा ताप येऊ लागला. चोळ्या सैल झाल्या. तिचा नवरा जयराम तिला डॉक्टरांकडे जा म्हणून मागे लागला होता, आणि ती कामाचं निमित्त सांगून टाळत होती. शेवटी एका दुपारी, रुग्ण संपल्यावर, ती एक डबी घेऊन मागच्या अंगणात गेली. खोकून त्यात थुंकली. आत येऊन काच तयार केली, तापवली, रंगवली, धुतली.

निळ्या रंगात बारीक लाल काड्या होत्या, क्षयाचे जंतू. खूप होत्या.

दुसऱ्या कुणाची काच हाताला लागली असेल, असं वाटून तिने दुसरी केली. तिच्यातही तेच दिसलं. ती स्टुलावर बसून राहिली. चार वर्षांची ज्योती रोज तिच्या कुशीत झोपत होती. मग तिला भिकाजी आठवला. अख्ख्या तालुक्याची थुंकी तिने तपासली होती. शेजारी उभ्या असलेल्या माणसाची तपासायचं तिला सुचलं नव्हतं.

तिने काचा केंद्राच्या डॉक्टरांना दाखवल्या, त्यांनी पणजीला फोन केला. सकाळच्या बसने कृष्णनाथ सर आले. सुलोचनाला काच वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी तिच्या दोन्ही काचा पाहिल्या.

"बरोबर वाचल्यास," ते म्हणाले. मग खोलीभर नजर फिरवून त्यांनी विचारलं, "खिडक्या कधीपासून बंद आहेत?"

"धूळ येते, सर. काचा खराब होतात."

सरांनी जाऊन खिडकी उघडली. "रंग किती वेळ ठेवायचा ते मी तुम्हाला घोकून घेतलं," ते म्हणाले. "वारा कुठून यायला हवा, ते कधी सांगितलंच नाही."

त्या दिवशी त्यांनी टेबल उघड्या खिडकीशी आणलं आणि धुळीसाठी ओल्या काचांवर झाकण घालायला सुरुवात केली. सुलोचना बरी होईपर्यंत हे टेबल मी सांभाळतो, असं त्यांनी वर कळवलं. ती घरी जायला निघाली तेव्हा म्हणाली, "सर, भिकाजीला आधी आणा."

जयराम केंद्राची जीप घेऊन दोडामार्गला गेला. भिकाजीला दोघांनी धरून उतरवावं लागलं. औषधं सुरू झाली, पण फार उशीर झाला होता. दोन आठवड्यांनी तो इस्पितळातच वारला. सुलोचनाला जयरामने ते सांगितलं तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं.

ज्योतीला आजार नव्हता, तरी काळजी म्हणून गोळ्या चालू केल्या. सुलोचनाचीही औषधं चालू होती; ती वेगळ्या खोलीत झोपायची. ज्योती उंबऱ्याबाहेर बसून तिच्याशी बोलायची, आणि आत का यायचं नाही हे रोज नव्याने विचारायची. शेजारणी अंगणापर्यंत येत, तिथूनच पाव ठेवून जात.

दोन महिन्यांनी सरांनी तिची थुंकी पुन्हा तपासली. तिने स्वतः पाहायचा हट्ट धरला. काच सरकवत सरकवत ती पाहत राहिली. सगळीकडे नुसता निळा रंग होता. तेव्हा तिला रडू आलं.

"परत थंयच वचपाचें?" ती पुन्हा त्याच खोलीत जाणार म्हणून धास्तावून जयरामने रात्री जेवताना विचारलं.

"मला दुसरं काय येतं? आणि तिथे नवीन मुलगी बसवली तर तिला कोण सांगणार?"

ती रुजू झाली. सरांनी पणजीत तालुक्यातालुक्यांतल्या टेक्निशियनांचा वर्ग भरवला आणि पहिल्या दिवशी तिलाच बोलायला उभं केलं. तिने विचारलं, "तुमच्यापैकी कुणी स्वतःची थुंकी कधी तपासली आहे?" एकही हात वर झाला नाही. त्यानंतर दर सहा महिन्यांनी सगळ्यांची, शिपायांचीही, तपासणी करायची असं ठरलं; ते पाळलं जातं का हे बघायला सर स्वतः केंद्राकेंद्रांतून फिरू लागले.

भिकाजीच्या जागी त्याची बायको शेवंती लागली. तिची छाती आधीच तपासून झाली होती, साफ होती. सुलोचनाने तिला मागच्या खड्ड्यापाशी नेलं. डबी कशी उचलायची, झाकण उघडायचं नाही, धुराच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, हात कधी धुवायचे, सगळं करून दाखवलं.

शेवंती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने विचारलं, "ह्यां सगळां त्यांका कोणी शिकवलेलां?"

"नाही," सुलोचना म्हणाली. "मलाही येत नव्हतं."

शेवंतीने खड्ड्यातल्या राखेकडे बघितलं.

"परत सांग, बाय," ती म्हणाली. "सुरवातीपासून."

सुलोचनाने परत सांगितलं.