टेबलाखालच्या लाल टाचा

"ट्यूनिसभाऊ, तो चिरलेला बूट तिकडं होता!"

याकोमिना धापा टाकत नगरसभेच्या दारात उभी राहिली. मी इथला दरवान. आमच्या डच मुलखातल्या उत्रेख्तमध्ये त्या हिवाळ्यात थंडी अशी, की माझी सावली भिंतीला चिकटायची आणि दुपारी खरवडून काढावी लागायची.

"कुठला बूट गं? नीट सांग."

"इंग्रज दूताचा! सुजलेल्या पायासाठी पुढून चिरलेला, हिरव्या फितीनं बांधलेला. फ्रेंचांच्या घरी, टेबलाखाली. आणि समोर लाल टाचा!"

लाल टाचा फक्त फ्रेंच सरदारांच्या. मी आधी दार लावून घेतलं.

पाय शेकायच्या निखाऱ्यांच्या लाकडी पेट्या घरोघरी नेऊन साहेबलोकांच्या पायांखाली सरकवायच्या, हे याकोमिनाचं वीस वर्षांचं काम. सगळा युरोप तिला घोट्यापर्यंतच ठाऊक होता. आणि त्याच सकाळी आमच्या दिवाणखान्यात फ्रेंचांशी मिळून लढणाऱ्या सगळ्या दोस्त देशांच्या दूतांनी शपथ घेतली होती: तहाची बोलणी एकजुटीनं करायची, फ्रेंचांना कुणीही एकट्यानं भेटायचं नाही. सगळ्यांत मोठ्यानं शपथ इंग्रजानं घेतली होती.

"माझा पोरगा बारेंट इंग्रजांच्याच फौजेच्या भरवशावर छावणीत आहे," ती म्हणाली. "हे उठून गेले तर त्याच्या बाजूला कोण?"

मेलेल्या माशाकडूनही गप्पा काढणारा मी. पण त्या दिवशी गप्पांत वेळ घालवला नाही. तिला तसंच आमच्या डच दूतासमोर नेलं.

"चेहरा पाहिलास त्याचा?" त्यांनी विचारलं.

"नाही जी. मी पाय बघते."

दिवाणखाना खो खो हसला. "उद्या ही मोजे बघून तह करेल!" कारकून म्हणाला.

"हसा, पण त्यांना विचारा तरी," याकोमिना म्हणाली. "नाहीतर छावणीला एक चिठ्ठी धाडा."

"दोस्ताला असलं विचारतात होय? जा बाई, पेट्या भर," दूतसाहेब म्हणाले.

उन्हाळ्यात इंग्रजांनी तंबू गुंडाळले आणि भर दिवसा आमच्या फौजेची बाजू सोडून निघून गेले. पुढच्याच आठवड्यात फ्रेंच आमच्यावर तुटून पडले. बातमी वाचताना दूतसाहेबांनी खुर्ची चाचपली. ती शेजारीच होती, तरी सापडेना.

मग फौजेतून पत्र आलं. गावातल्या मेलेल्या पोरांची नावं चौकात वाचायची पाळी माझ्यावर आली. तीन वाचली. चौथ्याला मी खोकलो.

"काय झालं?" याकोमिना सगळ्यांच्या पुढं उभी होती.

"अक्षर पुसट आहे."

"अक्षर नाही, तुमचा आवाज पुसट झालाय. वाचा."

मी वाचलं. बारेंटचं नाव माझ्याच कानाला परकं वाटलं. याकोमिनानं डोक्यावरच्या रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली आणि एक पाऊल बाजूला सरकली.

"पुढचं वाचा, भाऊ," ती म्हणाली. "मागं बायका ताटकळल्यात."