मशीनचा पगार

बेकरी धाकट्या भावाच्या नावावर होती, पण रस्त्यावर कुणालाही विचारलं असतं तर त्यानं ताईचीच बेकरी म्हणून सांगितलं असतं. भाऊ ताई म्हणायचा म्हणून सगळा रस्ता तिला ताई म्हणायचा. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, तेव्हा भाऊ म्हणाला होता, "घरात बसून काय करणार? गल्ल्यावर बस. तेवढंच मन रमेल." मन रमवायला बसलेली ताई मग तिथून उठलीच नाही. सकाळी पहिले पाव भट्टीतून निघायच्या आत ती खुर्चीवर असायची. लाकडी गल्ल्यात तिनं डब्यांची झाकणं मांडून नाण्यांचे कप्पे केले होते. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, खाली न बघता, बरोबर सुट्टे तिच्या हातात यायचे. पगार वगैरे प्रकार नव्हता. पैसे लागतील तेव्हा मागायचे, आणि मागताना कशाला हवेत ते सांगायचं.

मशीन आलं ते चार हमालांच्या खांद्यावरून. बरोबर एक तरुण विक्रेता होता, गळ्यात टाय, बोलण्यात नुसती साखर.

"वरच्या तोंडात चिल्लर ओतायची," तो भावाला दाखवू लागला. "नाणं जाडीवरून, रुंदीवरून ओळखलं जातं आणि आपापल्या नळीत पडतं. नोट इथे धरली की आत ओढली जाते, थेट खालच्या पोलादी पेटीत. मोड आपोआप बाहेर. पेटीची किल्ली एकट्या मालकाकडे. मधे माणसाचा हातच नाही. आणि साहेब, पैसा गळतो तो हातातूनच."

ताई तिथेच खुर्चीत होती. "कुणाच्या हातातून?" तिनं विचारलं.

विक्रेता चपापला. "तुमचं नाही हो, मी आपलं एकंदरीत सांगतोय."

"या गल्ल्याला एकंदरीत दोनच हात लागतात. दोन्ही माझे."

"ताई, तू पण ना!" भाऊ हसून म्हणाला. "बिचारा सगळीकडे हेच बोलतो. त्याचा धंदाच आहे तो."

ताईनं राग गिळला. पण विक्रेता आता खर्चावर आला होता. दर महिन्याला देखभालीचा हप्ता. वर्षाचा विमा वेगळा. मधूनमधून माणूस येऊन साफसफाई करून जाईल. दुपारी थोडा वेळ बंद ठेवायचं, नाहीतर तापतं. भट्टीची झळ लागू द्यायची नाही. पिठाची धूळ तर अजिबात नको, आतले रोलर खराब होतात.

"एवढं सगळं धरलं तरी कॅशिअरच्या पगाराच्या निम्म्यात पडतं, साहेब."

"आम्ही कुठे कॅशिअरला पगार देतो?" भाऊ म्हणाला. "घरचीच आहे ती."

"मग तर तुमची काहीच बचत नाही!" विक्रेता खो खो हसला. भाऊही हसला.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. मशीनला धूळ लागू नये म्हणून काचेचा आडोसा उभा राहिला, त्यात छोटा पंखा बसला. ताईला त्या पिठानं कितीतरी वर्षं खोकला होता. भट्टीची झळ पाठीला लागते, एक पंखा लाव, असं तिनं दोन उन्हाळे सांगून पाहिलं होतं. भाऊ दर वेळी "बघू" म्हणाला होता. काचेआड गरगर फिरणारं ते पातं बघून तिच्या डोक्यात तिडीक गेली.

जेवताना तिनं विषय काढलाच. "मशीनला महिन्याला जेवढे देणार आहेस, तेवढे मला दे."

भावाचा घास हातातच राहिला. "तू मशीनशी बरोबरी करतेस?"

"बरोबरी कुठली? विमा नको, साफसफाई नको. हप्ता तेवढा दे."

"तुला इथे काय कमी आहे? खाणंपिणं, कपडालत्ता..."

"नुसत्या खाण्यावर आणि कपड्यावर राबणाऱ्याला काय म्हणतात, ठाऊक आहे ना?"

"भावाकडे कसले पैसे मागतेस?" आई मधे पडली. "लोक काय म्हणतील?"

"पगार मागितला म्हणतील. चोर तर नाही ना म्हणणार? ते तो टायवाला म्हणून गेलाच."

"मी म्हणालो का तसं?" भाऊ ओरडला.

"नाही म्हणालास. पण त्याला गप्पही केलं नाहीस."

भाऊ पानावरून उठून गेला. भावजय मान खाली घालून वाढत राहिली.

महिना संपायच्या आत ताईनं घर सोडलं. तरणतलावाच्या तिकीट खिडकीवर तिला काम मिळालं, जवळच एक खोली भाड्यानं मिळाली. पहिला पगार हातात पडला तेव्हा तिनं स्वतःला चांगल्या चपला घेतल्या. कशाला हव्यात हे कुणाला सांगावं लागलं नाही. त्या आनंदातसुद्धा तिला मागची सगळी वर्षं आठवली आणि दुकानातल्या आरशासमोर उभ्या उभ्या तिचा संताप झाला.

खरं सांगायचं तर मशीन उत्तम चाललं. हिशोब चुकला नाही, मोड अडली नाही. फक्त चुरगळलेली नोट ते परत बाहेर ढकलायचं, आणि म्हातारी माणसं त्याच्यापुढे गोंधळून उभी राहायची. त्यावर भावानं तोडगा काढला.

एके दिवशी भावजयच खिडकीपाशी आली. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला.

"सकाळपासून मशीनपाशी उभी असते, ताई. नोटा सरळ करून द्यायच्या, कुणाची चिल्लर ओतायची. हे म्हणतात, तेवढाच तुझा वेळ जातो."

"उभी का? खुर्ची कुठे गेली?"

"काचेमुळे जागाच उरली नाही."

ताईला स्वतःसाठी आला नसेल एवढा राग आला. "आणि पगार?"

"नवऱ्याकडे कसा मागू?"

"तोंडानं!"

भावजयीनं मागितला. घरात आरडाओरडा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेकरीत गेलीच नाही. भट्टीवर पाव करपू लागले, इकडे मशीनपुढे रांग खोळंबली, आणि भाऊ दोन्हीकडे धावता धावता घामाघूम झाला. त्याच पावली तो तरणतलावावर येऊन थडकला.

"तूच शिकवलंस तिला!" खांद्यावर टॉवेल टाकलेली सगळी रांग त्याच्याकडे बघू लागली.

"हो, मीच," ताई म्हणाली. "तुझ्याकडून तर ती कधी शिकली नसती."

"माझं घर फोडतेस तू!"

"तिला खुर्ची दे, पंखा दे आणि पैसे दे. लगेच जुळेल घर. आता बाजूला हो, लोक खोळंबलेत."

तो पाय आपटत गेला. आठवडाभर त्यानं ताणून धरलं, मग काचेचा आडोसा मागे सरकवला आणि खुर्चीला जागा केली. भावजयीला पगार सुरू झाला, थोडाच, पण दर महिन्याच्या महिन्याला. ताईच्या जुन्या वर्षांबद्दल मात्र तो चकार शब्द बोलला नाही. तिच्याशीही बोलेनासा झाला.

हल्ली तो गिऱ्हाइकांना सांगत असतो, म्हणे, की मशीनवाल्यानं फसवलं, वरचा खर्च भलताच वाढला. कुणीतरी हे खिडकीवर येऊन ताईला सांगितलं.

"वरचा खर्च?" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पोहायला आलेली पोरं दचकली. "बायकोचा पगार म्हणजे वरचा खर्च?"

त्या संध्याकाळी खिडकी बंद करून ती तडक बेकरीकडे निघाली.