तीन नंबरची वायर

राजानंदची पिकअप चौथ्यांदा बदनापूरच्या गॅरेजसमोर येऊन उभी राहिली, तेव्हा सर्जेराव मिस्त्रींना जरा ओशाळल्यासारखं झालं. अठ्ठावीस वर्षांच्या धंद्यात एकच तक्रार घेऊन चार वेळा आलेलं गिऱ्हाईक त्यांना आठवत नव्हतं. आधीच्या तिन्ही वेळा राजानंद गाडीतूनच बोलायला सुरुवात करायचा. आज तो मुकाट्यानं उतरला आणि चावी बाकड्यावर ठेवून उभा राहिला.

"अजून मिस मारती का, झटके देती का?" मिस्त्रींनी विचारलं.

"हां. गरम झाली अन् चढाला पाय दाबला की मारती. एरवी काहीच न्हाई." मग तो खाली बघत म्हणाला, "बाबा गेले, मिस्त्री. महिना झाला. ह्याच गाडीतून नेताना."

सर्जेरावांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी त्याला बाकड्यावर बसवलं. राजानंद आसपासच्या गावांतून रेशमाचे कोष भरून जालन्याच्या बाजारात पोचवायचा. त्याचे वडील, लिंबाजी, दोन-तीनदा त्याच्यासोबत गॅरेजवर आले होते. कमी बोलणारे, उंच गृहस्थ.

"दुपारी छातीत दुखाय लागलं त्यांच्या," राजानंद सांगू लागला. "ॲम्ब्युलन्सला फोन केल्ता, पण गाडी दारातच उभी होती. मंग गाडीतच घातलं. मायच्या खांद्यावर त्यांचं डोकं. जालन्याच्या अलीकडं, पुलाच्या चढावर गाडी झटके द्याय लागली अन् बंद पडली. पुन्हा चालूच होईना. वीस मिनिटांनी एका टेम्पोवाल्यानं घेतलं आम्हाला. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर म्हणले, संपलं."

मिस्त्रींनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"तुम्ही म्हणले होते, ड्रममधलं डिझेल टाकू नको. मी टाकत होतो. स्वस्त पडायचं. बाबांच्या जलदानविधीला माझा थोरला भाऊ, मिथुनदादा, सगळ्यांसमोर म्हणला, गाडी नीट ठेवता येत न्हाई तर तिच्यात माणूस कशाला घातला? बराबरच होतं त्याचं." त्यानं गाडीकडे पाहिलं. "तवापासून पंपावरच भरून राह्यलो. टाकीबी धुतली. तरी मारती. आता विकायची हाये. पण अशी कुणाच्या गळ्यात कशी घालू? आधी बरी करा."

सर्जेराव उठले. बाकीची कामं बाजूला सारून त्यांनी पिकअप आत घेतली आणि दोषाचा कोड दाखवणारा स्कॅनर जोडला. मागच्या वेळचाच कोड आला: तीन नंबरच्या सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचं सर्किट. पहिल्या वेळी त्यांनी फिल्टर बदलला होता. दुसऱ्या वेळी टाकी साफ करून राजानंदला डिझेलवरून चार शब्द सुनावले होते. तिसऱ्या वेळी हा कोड पाहून नवा इंजेक्टर बसवला होता. आता त्यांनी तीन नंबरचा इंजेक्टर काढून एक नंबरच्या जागी टाकला. दोष इंजेक्टरात असता, तर तक्रार एक नंबरला सरकायला हवी होती.

ओझं म्हणून मागे वाळूची पोती टाकून दोघं जालना रस्त्याला लागले. राजानंद चालवत होता, मिस्त्रींच्या मांडीवर स्कॅनर. पहिल्या चढावर काही झालं नाही. दुसऱ्या चढावर इंजिनानं दोन गचके दिले आणि गाडी एकदम मेल्यासारखी झाली. राजानंदनं ती कशीबशी कडेला घेतली. स्कॅनरवर कोड आला तो पुन्हा तीन नंबरचाच.

"इंजेक्टर बरा हाये," मिस्त्री म्हणाले. "वायरमधी लोचा हाये."

इंजिन जरा निवल्यावर गाडी चालू झाली. परत येऊन त्यांनी चाकांना दगड लावले. राजानंदला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि गिअर टाकून क्लच हळूहळू सोडायला लावला. ओढ लागली तसं इंजिन आपल्या बैठकीच्या रबरांवर एका अंगाला कललं. मिस्त्री बाजूला उभे राहून इंजिनाच्या मागच्या अंगाला बॅटरीचा उजेड मारत होते. गिअरबॉक्सच्या वरून जाणारा वायरांचा जुडगा सैल लोंबत होता. इंजिन कललं की तो एका लोखंडी पट्टीच्या धारेला टेकत होता. त्यांच्या डोळ्यांदेखत तिथं बारीक ठिणगी उडाली आणि इंजिन थडथडलं.

"बंद कर," ते म्हणाले.

त्यांनी आत हात घातला. तीन नंबरच्या इंजेक्टरला जाणाऱ्या वायरीचं आवरण घासून तांबं उघडं पडलं होतं. जुडग्याभोवती प्लास्टिकच्या पट्टीचा तुकडा होता, उष्णतेनं वितळून तुटलेला. त्याच्या शेजारी निळ्या टेपचे दोन वेढे. निळी टेप त्यांच्याच गॅरेजात वापरत.

मग त्यांना सगळं आठवलं. दिवाळीच्या आधी याच गाडीची क्लचप्लेट बदलताना त्यांनी गिअरबॉक्स खाली उतरवला होता. तेव्हा जुडगा धरून ठेवणारी क्लिप हातात तुटली. नवी मिळेपर्यंत म्हणून त्यांनी प्लास्टिकची पट्टी बांधली. पुढे नवी आणायची राहून गेली, आणि ते विसरले.

"सापडलं का?" आतून राजानंदनं विचारलं.

मिस्त्रींचा हात अजून आतच होता. वायर जोडून, नवी क्लिप लावून गाडी परत दिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. जुनी गाडी, वायर घासली, एवढंच. राजानंदनं त्यांचे आभारच मानले असते. क्षणभर हा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्याची त्यांना पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

"सापडलं," ते म्हणाले. "खाली उतर. तुला दाखवायचंय."

त्यांनी तुटलेली पट्टी दाखवली, उघडं तांबं दाखवलं, आणि पट्टी कुणी बांधली तेही सांगितलं. राजानंदनं तो तुकडा हातात घेतला.

"म्हणजे डिझेलनं झालं न्हाई?"

"न्हाई."

"मंग मी तीन डाव आल्तो तवा?"

"तवा इथं बघितलंच न्हाई. इथं माझाच हात लागलेला होता. इथं चूक असंल असं मनातच आलं न्हाई. तुझ्या डिझेलवर ढकलून मोकळा झालो."

राजानंद बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मिस्त्रींनी कामाला हात घातला. खराब झालेला भाग कापून त्यांनी नवा तुकडा झाळून जोडला, त्यावर नळी चढवली आणि जुडगा वर उचलून कंपनीच्या क्लिपनं बोल्टात कसला. लोखंडी पट्टीची धारही कानशीनं घासून बोथट केली. इंजेक्टर पुन्हा आपापल्या जागी गेले. तेवढ्या कामाला त्यांना एरवीपेक्षा दुप्पट वेळ लागला.

ऊन उतरायच्या आत ते त्याच पुलावर गेले. राजानंदनं मुद्दाम पाय दाबून चढ घेतला. इंजिन एका सुरात वर चढलं. पूल ओलांडल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मिस्त्री काचेबाहेर बघत बसले. मागून ट्रक जात राहिले.

"घरी चला," शेवटी तो म्हणाला. "हे मी सांगितलं तर दादाला वाटंल, मी अंग काढून घेतो. तुमच्या तोंडानं सांगा."

घरी मिथुन ओट्यावर बसला होता. राजानंदची आई, गिरिजाबाई, आत तांदूळ निवडत होती. सर्जेराव उंबऱ्याच्या आत खाली बसले आणि काही न वगळता सांगितलं. ऐकता ऐकता मिथुन उठला. चपला घालून तो बाहेर पडला. जाताना राजानंदच्या पाठीवर त्याचा हात पडला आणि थोडा वेळ तिथंच राहिला.

गिरिजाबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"गाडी चालली असती तर ते वाचले असते का?"

"मला न्हाई सांगता येत, माय."

"कुणालाच न्हाई येत. मी डॉक्टरला विचारलं, त्यालाबी आलं न्हाई." तिनं मांडीवरचे तांदळाचे दाणे झटकले. "माझं पोरगं महिनाभर बराबर जेवलं न्हाई, भाऊ. हे खरं तुम्ही उशिरा आणलं."

सर्जेरावांनी मान खाली घातली.

"अशी पट्टी अजून कुणाच्या गाडीला बांधली का तुम्ही?"

या प्रश्नाची त्यांनी तयारी केलेली नव्हती. त्यांनी आठवून पाहिलं. "बांधली असंल," ते म्हणाले. "तीन-चार गाड्यांना."

"मंग इथं कशाला बसलात?"

दुसऱ्या दिवशी सर्जेरावांनी गॅरेज उघडलं नाही. मोटारसायकलच्या डिकीत क्लिपा घेऊन ते निघाले. दोन गाड्या बदनापुरातच सापडल्या, एक अंतरवालीला, एक अंकुशनगरला. प्रत्येक मालकाला त्यांनी काय झालं ते सांगितलं. एकानं शिव्या दिल्या. तीन पट्ट्या शाबूत होत्या. अंकुशनगरच्या गाडीची पट्टी तडकली होती आणि वायरीवर घासल्याची खूण दिसत होती. चारही ठिकाणी त्यांनी क्लिपा कसल्या. काम पुरं व्हायला तीन दिवस लागले.

राजानंदनं गाडी विकली नाही. कोषाच्या दिवसांत ती रोज जालन्याला जाते, आणि सुट्टीच्या दिवशी कधीकधी शेजारी मिथुन बसलेला असतो. सर्व्हिसिंगला मात्र राजानंद आता दुसरीकडे जातो. गॅरेजवरून जाताना मिस्त्री बाहेर दिसले तर तो वेग जरा कमी करतो, "जय भीम, मिस्त्री" म्हणतो आणि पुढे निघून जातो. सर्जेराव हात वर करतात आणि इंजिनाचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत तिथंच उभे राहतात.