सत्तावन्न नंबरचा फोटो

संध्याकाळी पाचला पुस्तक छापखान्यात जायचं होतं आणि साडेतीनला तिच्या तोंडचं पाणी पळालं. शहराच्या शंभर वर्षांचे एकशेबारा फोटो तिने दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून पालिकेच्या संग्रहातून निवडले होते. पहिला सार्वजनिक नळ, पुरात बुडालेलं टपाल कार्यालय, पहिल्या मतदानाची रांग. सत्तावन्नावा मात्र तिच्या घरातल्या भिंतीवरही लटकत होता. संपातली जळती ट्राम आणि पाठमोरा टोपीवाला, डाव्या हातात पेटता पलिता.

चेहरा दिसतच नव्हता. पण ट्राम डेपोत डावखुरा एकच होता, तिचा काका. वर्तमानपत्रात फोटो आला आणि तिसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली. घरही गेलं, कारण वर्तमानपत्राच्या डार्करूममध्ये तो फोटो ज्यांनी छापला होता ते त्याचे सख्खे थोरले भाऊ, म्हणजे तिचे आप्पा. काका जाताना उंबऱ्यातून ओरडला होता, "दादा, ट्रामचं दार बघ! आपल्या ट्रामला उजवीकडे दार असतं का कधी?"

"फोटो खोटं बोलत नाही," आप्पा म्हणाले होते. त्याला बावन्न वर्षं झाली. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

आज शेवटच्या घटकेला जास्त स्पष्ट प्रत हवी म्हणून तिने संग्रहातली मूळ काचेची प्लेट, म्हणजे निगेटिव्ह, काढली. छापताना प्लेटची मंद, रसायन लावलेली बाजू कागदाला, चकचकीत वर, हे आप्पांनीच तिला शिकवलेलं. तशी धरून तिने ती खिडकीकडे केली. वर्तमानपत्राने कापून टाकलेल्या कडेला एका दुकानाची पाटी होती. अक्षरं सरळ वाचता येत होती. आणि पलिता उजव्या हातात होता.

घाईत प्लेट उलटी लागली होती, बस्स. एवढ्यावर एका माणसाचं वाटोळं झालं. तिला आप्पांचा संताप आला आणि पाठोपाठ त्यांची कीव आली. फोटो तसाच जाऊ दिला असता तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं, तिच्या बापालासुद्धा. संग्रहाबाहेर काही न नेण्याचा नियम धाब्यावर बसवून तिने प्लेट फडक्यात गुंडाळली आणि घर गाठलं.

आप्पा नेहमीच्या खुर्चीत, त्याच फोटोखाली बसले होते.

"आप्पा, हा फोटो उलटा छापलाय."

"कुणी?"

"तुम्ही."

"चाळीस वर्षं डार्करूम सांभाळली मी! मला शिकवतेस?" त्यांचा आवाज चढला. तिने प्लेट पुढे केली.

त्यांनी अंगठ्याने कोपरा चाचपला. मंद बाजू बोटांना लगेच सापडली. ते खिडकीशी गेले आणि प्लेट उजेडासमोर धरली. घड्याळात चार वीस झाले होते.

"त्या दिवशी संपादक दाराशी उभा होता," ते पुटपुटले. "घाई, घाई, घाई." मग खाली बसले. "नाही गं. घाई त्या एका दिवसाची. संग्रहात देईपर्यंत प्लेट पुढे कितीतरी वर्षं माझ्याच कपाटात होती. त्याने सांगितलं होतं, दार बघ. मला नुसतं कपाट उघडायचं होतं."



"त्याचा नंबर आहे तुझ्याकडे. मला काय माहीत नाही होय, चोरून बोलता ते? लाव."

तिने फोन लावला, आवाज मोठा केला. काकाने उचलला.

"दार डावीकडेच आहे," आप्पा म्हणाले.



"दादा," काका म्हणाला, "पुस्तकात येणार हे?"

"येणार."

"उलटा कुणी छापला, तेही?"

आप्पांनी भिंतीकडे पाहिलं. त्या फोटोने त्यांना आयुष्यभर मान दिला होता. "पोरी, लिहून घे," ते म्हणाले आणि थांबत थांबत सांगत गेले. फोटोखाली स्वतःचं पूर्ण नाव घालायला लावलं.

"वाच," काका म्हणाला.

तिने वाचलं. हा फोटो आजवर उलटा छापला गेला, चूक माझी होती, माझा भाऊ निर्दोष होता.

पाच वाजायला दहा मिनिटं होती.

"पुन्हा वाच," काका म्हणाला.