नानांची डिझेलची चिंधी

डिझेलचा वास आला की मला अजूनही चैत्रातली दुपार दिसते: डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीत जाळीतून उतरलेलं चौकटीचौकटींचं ऊन, त्या उन्हात उलटी उभी केलेली माझी सायकल, आणि तिच्यापुढे, मूर्तीला स्नान घालणाऱ्या पुजाऱ्याच्या तल्लीनतेने, डिझेलात भिजवलेली चिंधी फिरवणारे माझे वडील, नाना. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला. पाळी संपली की यंत्र पुसूनच घरी निघायचं, हा त्यांचा एकमेव धर्म. निवृत्तीनंतर यंत्र उरलं नाही, धर्म उरला. तो माझ्या सायकलच्या वाट्याला आला.

सायकलही साधीसुधी नव्हे. ग्रॅव्हल बाइक, खडीमातीत बागडायला जन्मलेली. दर रविवारी पहाटे मी तिच्यावरून मोहने, टिटवाळा करत पलीकडच्या कच्च्या वाटांवर उधळायचो. आणि तिचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलांचा आस पोटात धरून ठेवणारी बेअरिंगची जोडी, बदलून महिने होतात न होतात तोच करकरू लागायचा. करकर तरी कसली! त्या आवाजाने उल्हास नदीकाठचे बगळे बिऱ्हाड हलवून गेले, आणि टिटवाळ्याचा एक वृद्ध कुत्रा मला पाहताच पंजांनी कान झाकून घ्यायचा, हे मी शपथेवर सांगतो. जे वर्षानुवर्षं टिकावं, ते ऋतूगणिक पानासारखं गळावं? मी धुळीला दोष दिला, डबक्यांना दिला. स्वतःच्या वजनालाही दिला, पण तो मनातल्या मनात.

नाना डोळे मिटून पॅडल हळूच फिरवत, गवयाने तंबोरा लावावा तसे, आणि निकाल देत.

"गेलं रे बेअरिंग. हल्लीचा मालच खोटा."

"अहो नाना, आत्ताच तर बदललेलं!"

"मग पुढच्या रविवारी जाऊ नकोस. बस इथं, खोलू या. टिटवाळा काय पळून जातंय?"

तो पुढचा रविवार मग आम्हा दोघांचा. मधोमध पोट उघडलेली सायकल, "बाप-लेकानं घरात कारखाना काढलाय" असं पुटपुटत आईने ठेवलेला चहा, आणि एरवी हुंकारावर दिवस काढणारा माणूस बोलू लागलेला: लेथची लहर, संपातले उपास, पहिल्या पगाराचं घड्याळ. एरवी थरथरणारी त्यांची बोटं नवं बेअरिंग बसवताना दिव्याच्या ज्योतीसारखी स्थिर होत.

एकदा नवं बेअरिंग घ्यायला गेलो, तर ठाण्याच्या सायकलच्या दुकानदाराने जुनं नाकाशी नेलं. "दादा, डिझेलने धुता की काय? आतलं सगळं ग्रीस वाहून गेलंय. ते बंद करा, मग बघा कसं टिकतं."

नानांना सांगायचंच, म्हणून तावातावाने निघालो आणि डोंबिवली येईपर्यंत पुरता गोंधळलो. बेअरिंगांशी जन्मभर संसार केलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल? वयाने विसरले म्हणावं, तर कुठला पाना कुठल्या खणात हे ते झोपेतही सांगत. आणि ठाऊक असेल, तर? सांगितलं, तर चिंधी थांबणार. तिच्याबरोबर ते रविवारही.

दार उघडताच त्यांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"मालच खोटा म्हणाला."

नाना हसले. वळचणीवरून ऊन सरकावं तसं ते हसू चेहऱ्यावरून गेलं. त्याचा अर्थ मी अजून लावतोय.

आता नाना नाहीत. चिंधी गॅलरीच्या खिळ्यावर वाळून कडक झाली आहे. आम्ही दोघांनी बसवलेला शेवटचा बॉटम ब्रॅकेट कितीतरी पावसाळ्यांनंतरही मूक फिरतो. बगळेसुद्धा परत आले. चढावर मी उगीच थांबतो, पॅडल उलटं फिरवून कान देतो. काहीच नाही. काळ सारं झिजवतो म्हणतात. माझ्या घरातली उणीव मात्र मला, न झिजणाऱ्या या एका बेअरिंगमधूनच ऐकू येते.